बाटली कुणी धुतली?



गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या गटाने ३८ किलो श्रीखंड घरोघरी पोचतं केलं. पाडव्याला सकाळी सात वाजता पहिला फोन आला. "ताई, डब्याचं झाकण फुगलंय." अर्ध्या तासात दुसरा, मग तिसरा. एका आजोबांनी झाकण उघडलं तर फुस्स आवाज आला म्हणे, आणि वास आंबूस. दुपारपर्यंत आम्ही सगळे डबे परत घेतले. किलोला ४०० रुपयांप्रमाणे १५,२०० रुपये परत केले. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता बचतीतून भरावा लागला. पाडव्याच्या दिवशी आमच्या बारा जणींपैकी एकीच्याही घरी गोडधोड झालं नाही.

आम्ही मुलुंडला डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत राहतो. कुणाचं माहेर साताऱ्याकडचं, कुणाचं परभणीचं, दोघी रत्नागिरीच्या. स्वच्छतेत आम्ही कमी पडलो असं कुणी म्हटलं असतं तर त्या दिवशी भांडणच झालं असतं. डोक्याला टोपी, हातात मोजे, ओट्यावर ब्लीच, जमिनीला फिनेल. दही टांगायची फडकी तर आम्ही उकळत्या पाण्यात टाकायचो आणि वर ब्लीचच्या पाण्यातही बुडवायचो. याहून जास्त काय करायचं?

दुधाचं शास्त्र शिकवणाऱ्या एक बाई ओळखीतून आल्या. त्यांनी धुतलेलं, वाळलेलं, घडी केलेलं एक फडकं मागितलं. ते कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवलं. अर्ध्या तासाने पिळलं तर पाणी पांढरट झालं. बाई काही बोलल्या नाहीत, तो वाडगा फक्त आमच्या पुढे सरकवला. ज्याला आम्ही स्वच्छ समजत होतो त्या फडक्याच्या विणीत दही तसंच होतं.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण फडकं आणि बाटली कशी धुवायची याचा इतिहास त्या पुस्तकांत नव्हता. तो इतिहास मात्र घडलाय आमच्याच आसपास, मुलुंड, भांडुप, गोरेगावात. तो आज तुम्हाला सांगतो. तुमच्या गटातही कुणी पनीर करत असेल, कुणी मसाला, कुणी पापड. प्रत्येकीला यातलं काहीतरी लागू पडेल.

सुरुवात करतो फिनेलच्या वासापासून. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. तो ओळखणारे डॉक्टर होते अकासिओ व्हिएगस, मूळ गोव्याकडचे. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याच्या वखारींची वस्ती. सरकार आणि पालिका घाबरून कामाला लागली. गल्ल्या, गटारं, घरं धुऊन काढली. त्यासाठी समुद्राचं पाणी वापरलं, कार्बोलिक अ‍ॅसिड वापरलं. कार्बोलिक अ‍ॅसिड म्हणजे आपल्या फिनेलचाच भाऊबंद, तोच उग्र वास. भिंतींना चुना फासला. इतकं करूनही प्लेग थांबला नाही, पुढे वर्षानुवर्षं तो येत राहिला.

कारण घाण कुठे आहे हेच कळलं नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरांच्या पिसवांमधून माणसाकडे येतो. त्याचं म्हणणं लगेच कुणी मान्य केलं नाही. पुढच्या दशकात परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज आपण हाफकिन संस्था म्हणतो, तिथे पुन्हा प्रयोग झाले तेव्हा ते पक्कं झालं. म्हणजे उंदीर यायचे वखारीतल्या धान्यापाठी, आणि माणसं धूत होती गटारं. आम्हाला वाटतं, 'वास आला म्हणजे स्वच्छ झालं' ही आपली समजूत त्या काळापासून घट्ट झाली असावी. हा आमचा अंदाज, इतिहासकारांनी सांगितलेलं नाही. पण आमच्या ओट्यावरचं ब्लीच त्याच जातीचं होतं एवढं नक्की. घाण कसली आहे हे न बघताच ओतलेलं.

आता दुधाकडे येऊ. शंभर वर्षांपूर्वी मुंबई शहरातच म्हशींचे तबेले होते. दाट वस्तीत म्हैस बांधलेली, शेण तिथेच, धार तिथेच, आणि धुवायला पाणी बेताचं. डॉ. लेम्युएल जोशी यांनी १९१६ साली शहरांतल्या, विशेषतः मुंबईतल्या, दुधाच्या प्रश्नावर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं, एवढा तो प्रश्न मोठा होता. दुधात पाणी घालतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण पाणी घातल्याने दूध पातळ होतं, आणि घाणेरड्या चरवीत काढल्याने ते विषारी होतं, हा फरक कळायला वेळ लागला. दूध जंतूंना फार आवडतं. ऊब मिळाली तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशोब करून बघा. सकाळी सहाला चरवीच्या कडेला एक जंतू राहिला, तर दुपारी दोनपर्यंत त्याचे दीड कोटींहून जास्त होतात.

१९४५ मध्ये मुंबईसाठी सरकारी दूध योजना सुरू झाली. गुजरातेतल्या आणंदहून दूध यायला लागलं. चारशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास, तोही उष्ण हवेत. पाश्चरायझेशन केल्याशिवाय ते टिकणं शक्यच नव्हतं. पाश्चरायझेशन म्हणजे दूध ६३ अंशांवर अर्धा तास, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवायचं आणि लगेच थंड करायचं. आणंदच्या शेतकऱ्यांची लढाई, १९४६ चा सहकारी संघ, त्यातून झालेलं अमूल, ही गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला मुंबईत एक माणूस होता, त्याची गोष्ट कमी सांगितली जाते. दारा खुरोडी, मुंबईचे दूध आयुक्त. म्हशीच्या सायीच्या दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध करायची कल्पना त्यांचीच. पुढे १९६३ मध्ये त्यांना, त्रिभुवनदास पटेलांना आणि वर्गीस कुरियन यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

खुरोडींनी ठरवलं की म्हशी शहरातून बाहेर काढायच्या. १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेला, पवई आणि विहार तलावांच्या बाजूच्या टेकड्यांवर आरे दूध वसाहत उभी राहायला लागली. जागा तीन हजार एकरांहून जास्त. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. म्हशींचे मालक तेच राहिले, म्हशी मात्र सरकारने बांधलेल्या गोठ्यांमध्ये आल्या आणि दूध सरकारने विकत घ्यायला सुरुवात केली. उतरती, धुता येणारी जमीन, मुबलक पाणी, चारा. गोठा बांधतानाच तो धुवायचा कसा याचा विचार करायचा, ही त्या काळी नवी गोष्ट होती. आपण आजही युनिटसाठी खोली घेतो तेव्हा भाडं बघतो, रस्ता बघतो. पाण्याचा उतार कुणीकडे आहे आणि ओट्याच्या कोपऱ्यात ब्रश पोचतो का, हे शेवटी बघतो.

पण आमचं मन अडकलं ते आरेच्या बाटलीत. काचेची, अर्ध्या लिटरची, वर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं टोपण. आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर काकू लहानपणी गोरेगावला राहायच्या. पहाटे कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रावर रांगेत उभं राहायचं काम त्यांचं. त्या सांगतात, "आई बाटली विसळल्याशिवाय हातात द्यायचीच नाही. न विसळलेली बाटली नेली तर केंद्रावरची बाई सगळ्यांदेखत बोलायची." आम्ही विचारलं, टोपणाचं काय करायचात? तर म्हणाल्या, जमवून मोडीत द्यायचो, नाहीतर गौरीच्या सजावटीला वापरायचो.

आता विचार करा. एकच बाटली आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, परवा तिसऱ्या घरी. एका घरात टायफॉईड, एका घरात कुणी तिच्यात रॉकेल ठेवलेलं, एका घरात दोन दिवस विसळायची राहून गेलेली. दूध आत कितीही छान पाश्चराइझ केलेलं असो, ते जाणार या बाटलीत. म्हणजे लाखो घरांचं दूध शेवटी एकाच प्रश्नावर येऊन टेकलेलं होतं, बाटली कशी धुतली? हा प्रश्न आमच्या श्रीखंडाचाच होता. फक्त आमची बाटली म्हणजे फडकं.

दुधाच्या बाटल्या धुणाऱ्या मोठ्या यंत्रांचा क्रम जगभर साधारण सारखाच असतो, आणि तो क्रम ऐकला तेव्हा आम्हाला आमची चूक कळली. पहिलं पाणी कोमट. उकळतं नाही, अगदी गारही नाही. गार पाण्याने तूप, साय गोठते. उकळत्या पाण्याने दुधातली काही प्रथिनं शिजून चिकटतात, जशी अंड्याची प्लेट गरम पाण्यात टाकली की अंडं आणखीच धरून बसतं. आम्ही फडकी सोडवल्या सोडवल्या उकळत्या पाण्यात टाकत होतो. म्हणजे दही आम्हीच शिजवून विणीत बसवत होतो. काळजीपोटी, मनापासून.

कोमट पाण्याने सुटं दूध निघून गेलं की मग कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी. सोडा तेलकटपणाचा साबण करतो आणि प्रथिनं फोडतो. त्यानंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुणं. आणि जंतू मारायचं काम सगळ्यात शेवटी. मधली पायरी गाळून कुणी शेवटची पायरी करायची नाही. कारण क्लोरिनला जंतू आणि खरकटं यांतला फरक कळत नाही. समोर दह्याचा कण आला की त्यातच त्याची ताकद संपते, आणि कणाच्या आड बसलेले जंतू सुखरूप राहतात. आमच्या फडक्यात साखरेवर जगणारं यीस्ट तसंच राहिलं, श्रीखंडात जाऊन आंबलं, आणि त्याच्या वायूने झाकणं फुगली. ब्लीच आम्ही रोज वापरत होतो. ते रोज वाया जात होतं.

कॉस्टिक सोडा मात्र घरात आणू नका. त्याने हात भाजतो, डोळा जातो. आपल्याला धुण्याचा सोडा पुरतो, तोही मोजे घालूनच वापरायचा.

इथे एक जर्मन माणूस आठवतो. हर्बर्ट सिनर, हेंकेल नावाच्या साबण कंपनीतला रसायनतज्ज्ञ. १९५९ मध्ये त्याने मांडलं की कुठलीही धुलाई चार गोष्टींवर उभी असते: रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. यातली एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. गरम पाणी नसेल तर जास्त घासा. घासायला हात पोचत नसेल तर जास्त वेळ भिजवा. हे वाचलं तेव्हा आमच्या परभणीच्या ताई हसल्या. "अगं, म्हणजे आमची सासू सिनरच होती की!" चुलीची राख, काथ्या, दोन तास भिजवलेलं पातेलं. राखेत क्षार असतो, सोड्याचा चुलतभाऊ, तो तेलकटपणा कापतो. काथ्या घासतो. भिजवणं म्हणजे वेळ. सासूबाईंकडे चारातल्या तीन गोष्टी होत्या. पण आजची राख घेऊ नका हं. चुलीत प्लॅस्टिकच्या पिशव्या जळतात, ती राख भांड्याला लावायची नाही.

आणि घासण्याला पर्याय नाही, हे आम्ही आता छातीठोकपणे सांगतो. दोन दिवस न घासलेल्या माठाच्या आत बोट फिरवा. बुळबुळीत लागतं ना? ते नुसतं पाणी नाही. जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि त्याच्या आत घर करून राहतात. त्या थरावर ब्लीच ओतलं तर वरचे मरतात, आतले राहतात. थर मोडायला घासणीच लागते. म्हणूनच चरे पडलेला प्लॅस्टिकचा मग आणि लाकडी हातवा आम्ही काढून टाकला. चऱ्यात घासणी पोचत नाही.

हा 'आधी साफ, मग जंतुनाशक' क्रम खरा म्हणजे आमच्या रोजच्या नळातच होता, आणि आम्हाला दिसत नव्हता. आमच्या शेजारी भांडुपला मुंबईचं प्रचंड मोठं जलशुद्धीकरण केंद्र आहे. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं. तिथे पहिल्यांदा क्लोरिनवर भिस्त ठेवत नाहीत. आधी तुरटीच्या जातीचं रसायन घालून गाळ खाली बसवतात, मग पाणी वाळूतून गाळतात, आणि शेवटी क्लोरिनने निर्जंतुक करतात. तुमच्या गावात जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतात, त्यांनाही विचारा. गढूळ पाण्याला पावडर जास्त लागते, आणि तरी खात्री कमी. आमच्या भागाचा पाण्याचा इतिहासही असा गमतीचा आहे. विहार तलाव १८६० च्या सुमाराचा, त्याचं पाणी शहराने वर्षानुवर्षं प्यालं. पवई तलाव १८९१ च्या सुमाराला बांधला, आणि त्याचं पाणी पिण्यालायक नाही असं ठरलं. दोन तलाव शेजारीशेजारी, वरून दिसायला सारखेच. पाणी नुसतं डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि फडकंही.

आतापर्यंत बोललो ते ओल्या पदार्थांचं. पण आपल्यातल्या कितीतरी जणी मसाले करतात, पापड, शेवया, भाजणी करतात. त्यांच्यासाठी गोष्ट जवळपास उलटी आहे, आणि ती लिज्जत पापडाच्या इतिहासात सापडते.

१५ मार्च १९५९. सिनरचंच वर्ष, पण त्या गिरगावच्या बायकांना सिनर कुठला माहीत असणार! सात गुजराती बायका इमारतीच्या गच्चीवर बसल्या, ८० रुपये उसने घेतले आणि त्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. त्यांच्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पैसे आणि सल्ला देणारे होते छगनलाल पारेख, सगळे त्यांना छगनबापा म्हणत. त्या पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तर त्यांनी चार महिने काम बंद ठेवलं. चार महिने! आपल्यापैकी कुणाची हिंमत होईल? हातात ऑर्डर असताना 'वाळत नाही, सबब करत नाही' म्हणायची? पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. पावसाळा सुटला.

ती खाट म्हणजे आमच्या दृष्टीने अन्नसुरक्षेचं मोठं यंत्र आहे. पापडाला टिकवतं कोण? मीठ, पापडखार आणि सगळ्यात जास्त त्याचा कोरडेपणा. जंतूंना वाढायला पाणी लागतं. कोरड्या पदार्थात काही जंतू जिवंत राहू शकतात, पण वाढू शकत नाहीत. एक थेंब पाणी मिळालं की जागे होतात. म्हणून मसाला आणि पिठाच्या जागी उठसूट पाणी ओतायचं नाही. तिथली सफाई कोरडी असते. ब्रशने झाडा, खरवडा, कोरड्या फडक्याने पुसा, जमल्यास व्हॅक्यूम लावा. डंकाच्या उखळात पाणी घालून 'स्वच्छ' करणारी, आणि ते अर्धवट ओलं असतानाच मिरच्या टाकणारी, आपल्या मसाल्याला बुरशीचं आमंत्रण देते. पाण्याने धुवायचंच असेल तर काम नसेल त्या दिवशी धुवा आणि खडखडीत वाळू द्या. चक्की, डंक, पापडाचं पोळपाट, सगळ्यांना हेच.

लिज्जतची दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. पीठ केंद्रावर मळायचं आणि पापड लाटायचे घरोघरी, अशी त्यांची पद्धत. म्हणजे त्यांचा कारखाना हजारो घरांच्या ओट्यांवर पसरलेला. मग स्वच्छता राखायची कशी? तर घरी जाऊन बघणं हा कामाचाच भाग. घर स्वच्छ आहे का, पापड वाळत घालायला जागा आहे का, हे बघितलं जातं. आमच्या गटात हे पहिल्यांदा बोललो तेव्हा दोघींना राग आला. एकमेकींच्या मोरीत डोकावायचं? आमची घरं दहा बाय दहाची, तिथे बघण्यासारखं काय आहे? रागात खरंही होतं. गरिबाच्या घरात शिरून नाक मुरडणारे खूप असतात, आणि प्लेगच्या वेळी साहेबांचे लोक असेच घरात घुसले होते. पण बहिणीने बहिणीचा ओटा बघणं आणि साहेबाने बघणं एक नाही. आम्ही ठरवलं की पाळी लावायची, दर आठवड्याला दोघी, आणि बघणाऱ्याचं घरही पुढच्या आठवड्यात बघितलं जाणार. नोंद वहीत करायची, नाव न घेता.

आता फडक्यांचं आम्ही काय केलं ते सांगतो. दही काढलं की लगेच कोमट पाण्यात झटकून तीन पाण्यांतून काढायचं. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून चोळायचं, स्वच्छ पाण्याने सोडा पूर्ण काढायचा, आणि त्यानंतर उकळायचं, उकळी फुटल्यावर १० मिनिटं. तेच उकळणं, पण आता शेवटी. उकळल्यावर ब्लीच लागतच नाही. वाळवायचं उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली ताणून. ओलं फडकं घडी करून ठेवणं म्हणजे सगळं धुणं वाया.

ओटा आणि स्टीलची भांडी साबणाने घासून, धुऊन झाली की ब्लीच. ४ ते ५ टक्क्यांचं, वास न घातलेलं, वापराची तारीख संपायला आलेली नसेल असं. एक लिटर गार पाण्याला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली. जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ होत नाही. ते दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, पुसून टाकायचं नाही, आपोआप वाळू द्यायचं. पाणी रोज नवीन करायचं, कारण ठेवलं की त्याची ताकद उतरते. आणि हे नीट ऐका: ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं अ‍ॅसिड, काहीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो. आमच्या चाळीत एका भाभींना त्यामुळे दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दुधाच्या पातेल्याला तळाशी दगडासारखा पांढरा थर बसतो, तो काढायला लिंबू किंवा चिंच चालते, पण वेगळ्या दिवशी, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

हे सगळं नीट करायला लागलो तेव्हा एक नवीनच अडचण पुढे आली. वेळ. दोघी जणी रोज एक तास दहा मिनिटं फक्त धूत होत्या. आमच्या वहीत दूध, साखर, वेलची, डबा, गॅस, रिक्षा, सगळं लिहिलेलं होतं. धुणं कुठेच नव्हतं. चक्का करणारीला मजुरी होती, डबे भरणारीला होती, धुणारीला नव्हती, कारण 'ते काय, होतंच'. आणि ज्याची मजुरी नाही त्या कामात घाई होते. दहा वाजून गेले, शाळेतून पोरं यायची वेळ झाली की फडकं एका पाण्यातून काढून टांगलं जायचं. पाडव्याचं श्रीखंड फुगलं त्याचं हेही एक कारण होतं, आणि ते सांगायला ती बाई लाजत होती. चूक तिची नव्हती. सोळा वर्षं आपण घरात फुकट भांडी घासतो म्हणून गटातही फुकट घासायची, असं आपण सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. आरेत बाटल्या धुणं हे पगारी काम होतं, त्यासाठी माणसं आणि यंत्रं ठेवलेली होती.

मासिक बैठकीत ठराव झाला. तासाला ६० रुपये, दोघींचे मिळून रोजचे १४० रुपये. एका वेळच्या १२ किलोमागे ते किलोला साधारण १२ रुपये बसतात. भाव ४१२ केला. एक दुकानदार सोडून गेला. तो म्हणाला, धुण्याचे पैसे कोण देतं? आम्ही त्याला काही बोललो नाही. बाकीचे राहिले.

यंदाच्या पाडव्याला ऑर्डर २२ किलोचीच आली, लोक विसरलेले नाहीत. पण एकही झाकण फुगलं नाही. आता प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडा घातलाय, एक ते चौदा. महिन्यातून एकदा पाळीने एकेक फडकं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून बघतो. मागच्या महिन्यात सात नंबरचं पाणी पांढरट आलं. काकूंनी ते फडकं घेतलं, दोन तुकडे केले आणि सायकल पुसायला नातवाला देऊन टाकलं.